मद, माज आणि प्रभूचा प्याला



ख्रिस्तशरीर स्वीकारून आपण जागेवर येतो, गुडघे टेकतो आणि आपल्यापैकी अनेक जण एक जुनी प्रार्थना मनातल्या मनात म्हणतात. ख्रिस्ताचा आत्मा, ख्रिस्ताचे शरीर, ख्रिस्ताचे रक्त, त्याच्या कुशीतून वाहिलेले पाणी, अशा एकेकाला हाक मारणारी ती प्रार्थना. लॅटिनमध्ये तिचे नाव 'आनिमा क्रिस्ती'. बऱ्याच पुस्तकांत ती संत इग्नेशियस लोयोला यांच्या नावावर छापलेली असते, पण ती त्यांची नव्हे. इग्नेशियस जन्मले १४९१ साली आणि ही प्रार्थना त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधीपासून लोकांच्या ओठांवर होती. त्यांना ती अतिशय प्रिय होती, आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात त्यांनी ती म्हणायला सांगितली, एवढे खरे.

या प्रार्थनेत ख्रिस्ताच्या रक्ताकडे जे मागणे केले आहे ते ऐकून माणूस क्षणभर थबकतो. त्या ठिकाणी लॅटिन क्रियापद आहे 'इनेब्रियारे'. इंग्रजीतून ही प्रार्थना म्हणणाऱ्यांना 'इनेब्रिएट' हा शब्द परिचयाचा असेल. सरळ मराठीत त्याचा अर्थ नशा चढवणे, धुंद करणे, झिंगवणे. ज्या शब्दाने आपण गुत्त्यातून बाहेर पडणाऱ्या माणसाचे वर्णन करतो, तोच शब्द वेदीवरच्या प्याल्याला!

बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात मी हा अर्थ प्रवचनात सांगितला होता. मिस्सा संपल्यावर एक बाई साक्रिस्तीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "फादर, वीस वर्षं नवऱ्याची धुंदी उतरायची वाट बघत रात्र रात्र जागून काढली. आता तीच धुंदी मी देवाकडं मागू का?"

त्यांना रागही आला नव्हता आणि वादही घालायचा नव्हता. उत्तर हवे होते. आज पेन्टेकॉस्टच्या निमित्ताने तो प्रश्न मी आपणा सर्वांपुढे ठेवतो, कारण असे घर आपल्या धर्मग्रामात एकही नाही असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

आधी आपल्या भाषेकडे पाहू. संस्कृतात 'मद्' हा धातू आहे. त्याचा मूळ अर्थ आनंदित होणे, हर्षाने भरून जाणे, आणि तेथूनच पुढे धुंद होणे. या एका धातूने केवढे कुटुंब जन्माला घातले पाहा : मद्य, मदिरा, मादक, मदन, मत्त, उन्माद. 'प्रमाद' हासुद्धा याच घरचा. आपण प्रमाद म्हणजे चूक असे म्हणतो, पण मुळात तो शब्द भान सुटण्याचा, गाफील राहण्याचा आहे. आणि 'अद्य' चे जसे 'आज' झाले, 'विद्युत्' ची जशी 'वीज' झाली, तसा 'मद्य' चा झाला 'माज'. हत्ती माजावर येतो तेव्हा माहूतालाही ओळखत नाही. माणसाला माज येतो तेव्हा तो कोणाला ओळखत नाही, ते सांगायची गरज नाही. ज्याने त्याने आपापल्या भावकीत पाहावे.

म्हणजे एकाच मुळाला आनंदाचे फळ लागले, दारूचेही लागले आणि गर्वाचेही लागले. भारतीय परंपरेने जे षड्रिपू मोजले त्यांत 'मद' आहे, आणि त्यात दारूचा एक थेंबही नाही. बोलताना आपण म्हणतो, त्याला दारू चढली, त्याला पैसा चढला, त्याला खुर्ची चढली. क्रियापद एकच. जमिनीचा सौदा झाल्यावर ज्याने सख्ख्या भावाशी बोलणे सोडले, त्याच्या तोंडाला कसलाही वास येत नाही, पण तो शुद्धीवर आहे असे मी म्हणणार नाही. दारुड्याची निदान सकाळी उतरते!

आपल्या चर्चचा धर्मशिक्षण ग्रंथ या बाबतीत मोठा व्यवहारी आहे. परिच्छेद २२९० मध्ये संयमाविषयी सांगताना अन्न, मद्य, तंबाखू आणि औषधे यांच्या अतिरेकापासून दूर राहा असे तो सांगतो. पुढे लगेच दारूच्या धुंदीत किंवा वेगाच्या आवडीपायी रस्त्यावर स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यांवर गंभीर दोष ठेवतो. दारू आणि वेग, दोन्ही एकाच वाक्यात! रात्री बारानंतर चर्चसमोरच्या रस्त्यावरून मोटारसायकली ज्या वेगाने जातात तो ऐकून मला हा परिच्छेद नेहमी आठवतो. मुलगा दारूला शिवत नाही म्हणून निश्चिंत असलेल्या आईवडिलांनी तो एकदा वाचावा.

याचा अर्थ द्राक्षारस वाईट असा मात्र नाही. माणसाचे अंतःकरण आनंदित करणारी देवाची देणगी म्हणून स्तोत्र १०४ त्याचा उल्लेख करते. काना गावच्या लग्नात दोन-तीन मण मावतील असे सहा दगडी रांजण होते. आजच्या हिशेबाने साडेचारशे लिटर तरी भरतील. प्रभूने मोजूनमापून चार बाटल्या दिल्या नाहीत. बाप्तिस्मा करणारा योहान द्राक्षारसाला शिवला नाही, येशू मात्र लोकांच्या पंक्तीला बसला आणि त्याबद्दल 'खादाड व दारूबाज' ही शिवीही त्याने ऐकून घेतली (लूक ७:३४). संतपणाच्या या दोन्ही वाटा सुवार्तेत आहेत. कोणाला कोणती झेपेल हे ज्याचे त्याने प्रामाणिकपणे ओळखायचे आहे, आणि ज्याला पहिली वाट धरल्यावाचून गत्यंतर नाही त्याला दुसरीचे दाखले देणे हे पाप आहे.

आता जुन्या करारातली एक गोष्ट. शिलो येथील मंदिरात हन्ना नावाची एक स्त्री प्रार्थना करीत होती. मूल नाही म्हणून सवतीचे टोमणे ऐकून ती खचून गेली होती. तिचे ओठ हलत होते, आवाज मात्र येत नव्हता. दाराशी बसलेल्या एली याजकाला वाटले, ही दारू पिऊन आली आहे. त्याने तिला खडसावले. तेव्हा तिने नम्रपणे सांगितले की मी काही प्यालेले नाही, मी माझे मन परमेश्वरापुढे ओतत आहे (१ शमुवेल १). आयुष्यभर मंदिरात घालवलेल्या याजकालासुद्धा भक्ती आणि नशा यांतला फरक ओळखता आला नाही. तेव्हा बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, ही अडचण नवी नाही.

हीच अडचण पेन्टेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमात आली. आजच्या मिस्सेत प्रेषितांच्या कृत्यांतले जे वाचन आपण ऐकतो ते दुसऱ्या अध्यायाच्या ११व्या वचनापाशी थांबते. गंमत १३व्या वचनात आहे. काही लोक थट्टेने म्हणू लागले की हे नव्या द्राक्षारसाने झिंगले आहेत. मग पेत्र उभा राहिला आणि म्हणाला की तुम्हांला वाटते तसे हे प्यालेले नाहीत, अजून दिवसाचा तिसराच तास आहे. म्हणजे सकाळचे नऊ! पहिल्या पोपच्या पहिल्या प्रवचनाची सुरुवात अशी झाली. घरी गेल्यावर बायबल उघडून तो भाग जरूर वाचा.

लोकांचा तर्क अगदीच चुकीचा होता का? मला तसे वाटत नाही. काहीतरी चढलेले होते हे त्यांनी बरोबर ओळखले. पन्नास दिवसांपूर्वी दासीच्या एका प्रश्नाला घाबरून येशूला नाकारणारा पेत्र आज हजारोंपुढे बोलत होता. ही साधी शुद्ध नव्हे, नेहमीची हिशेबी शुद्ध तर नव्हेच. मग दारूच्या धुंदीत आणि यात फरक काय?

तो अध्याय शेवटपर्यंत वाचला की फरक दिसतो. प्यालेल्या माणसाची जीभ जड होते. त्याची भाषा त्याच्या घरच्यांनाही कळेनाशी होते. इथे उलट घडले : पार्थी, मेदी, मिसरी, रोमी, सर्वांना आपापल्या भाषेत कळू लागले. प्यालेला माणूस घरातली भांडीकुंडी, बायकोच्या बांगड्या नेऊन विकतो. पेन्टेकॉस्टनंतर या लोकांनीही मालमत्ता विकली, पण ती ज्याला जशी गरज होती त्याला वाटण्यासाठी (प्रे. कृ. २:४५). प्यालेल्याला सकाळी रात्रीचे काही आठवत नाही. पेत्राला त्या दिवशी सगळे आठवत होते, संदेष्टा योएल, राजा दावीद आणि वधस्तंभावर खिळलेला प्रभूसुद्धा. एक धुंदी माणसाला स्वतःच्या आत कोंडते, दारे लावून घेते. दुसरी भीतीने लावलेली दारे उघडते.

संत पौलाने इफिस येथील मंडळीला लिहिताना हे दोन पेले शेजारी शेजारी ठेवले : द्राक्षारसाने मत्त होऊ नका, आत्म्याने परिपूर्ण व्हा (इफिस. ५:१८). रिकामे राहा असे त्याने सांगितले नाही. पुढच्या काळात चर्चच्या आचार्यांनी हा धागा उचलला. स्तोत्र २३ मध्ये भरून वाहणाऱ्या प्याल्याचा उल्लेख आहे ना? जुन्या ग्रीक आणि त्यावरून झालेल्या लॅटिन भाषांतरात तो 'धुंद करणारा प्याला' असा आला. आफ्रिकेतील कार्थेजचे बिशप संत सिप्रियन, जे २५८ साली रक्तसाक्षी झाले, यांनी एका पत्रात त्यावर सुंदर विवेचन केले आहे. प्रभूचा प्याला धुंद करतो तो शुद्धीवर आणण्यासाठी. तो पिणारा जुन्या जगण्याचे ओझे विसरतो आणि देवाला ओळखू लागतो, असा त्यांचा आशय आहे. मिलानचे संत अॅम्ब्रोज यांनी यासाठी आपल्या एका पहाटगीतात दोन विरुद्ध शब्द एकत्र आणले : शुद्धीतली धुंदी. आनिमा क्रिस्तीमधले ते क्रियापद या परंपरेतून आलेले आहे.

तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार शिकवला गेला होता. त्याचे महत्त्व मला पुढे पापनिवेदन ऐकताना कळले. अॅरिस्टॉटलचा आधार घेऊन ते सांगतात की आनंदावाचून कोणीही फार काळ राहू शकत नाही. ज्याला आत्मिक आनंद मिळत नाही तो देहाच्या सुखांकडे वळतो. इकडे आपण व्यसनी माणसाला म्हणतो, "सोड ती दारू!" तो सोडतोही. आणि मग संध्याकाळी सात वाजता त्याच्या हाताला काम नसते, घरात कोणी धड बोलत नसते, मित्र सगळे तिकडे बसलेले असतात. लूकच्या ११व्या अध्यायातले झाडून लोटून ठेवलेले रिकामे घर ते हेच. गेलेला अशुद्ध आत्मा सात जणांना घेऊन परत येतो.

स्वित्झर्लंडचे मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९६१ साली, आपल्या आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत, 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' च्या संस्थापकांपैकी एकाला पत्र लिहिले होते. आपल्या एका जुन्या रुग्णाविषयी त्यांनी लिहिले की त्याची दारूची तहान ही खरे तर पूर्णत्वाची, देवाशी एकरूप होण्याची तहान होती, खालच्या पातळीवर उतरलेली. लॅटिनमधल्या 'स्पिरितुस' या शब्दाकडे त्यांनी लक्ष वेधले. सर्वोच्च धार्मिक अनुभवाला तोच शब्द आणि माणसाची माती करणाऱ्या विषालाही तोच. उपाय त्यांनी तिथेच सांगितला : आत्म्याविरुद्ध आत्मा. युंग काही चर्चचे आचार्य नव्हेत, पण इथे ते संत पौलाच्या शेजारी येऊन बसले आहेत.

आणि हे केवळ विद्वानांचे बोलणे राहू नये म्हणून डब्लिनच्या एका हमालाची गोष्ट सांगतो. मॅट टॅल्बट, जन्म १८५६. बाराव्या वर्षी एका मद्यविक्रेत्याकडे कामाला लागला आणि तिथेच प्यायला शिकला. पुढची सोळा वर्षे मिळेल ती मजुरी दारूत गेली. एकदा रस्त्यावर वाजवून पोट भरणाऱ्या वादकाचे फिडल त्याने चोरून विकले आणि त्याची दारू प्याला. १८८४ मधल्या एका शनिवारी, आठवडाभर काम नसल्याने खिसा रिकामा होता, म्हणून तो गुत्त्याजवळ उभा राहिला. ज्यांना त्याने कैक वेळा पाजले होते ते मित्र समोरून गेले. एकानेही आत बोलावले नाही. तो घरी आला आणि आईला म्हणाला की मी शपथ घेणार आहे. पाळणार असशील तरच घे, असे तिने बजावले. त्याने पापनिवेदन केले आणि तीन महिन्यांची शपथ घेतली. तीनच महिन्यांची! पुढे सहा महिने, मग जन्मभर.

मला त्यातला सर्वांत मोलाचा वाटतो तो तपशील संध्याकाळचा. काम सुटले की पाय गुत्त्याकडे ओढत, म्हणून तो चालत दूरच्या एखाद्या चर्चमध्ये जाऊन बसे. खिशात पैसे ठेवणे त्याने सोडले. रोज पहाटे मिस्सेला जाऊन मग लाकडाच्या वखारीत कामाला. त्या वादकाचा त्याने पुष्कळ शोध घेतला. तो सापडला नाही, तेव्हा त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करवल्या. ७ जून १९२५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, मिस्सेला जातानाच तो रस्त्यात कोसळला आणि गेला. एक्केचाळीस वर्षे दारूचा थेंब घेतला नव्हता. १९७५ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याला 'वंदनीय' घोषित केले.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ज्याचे पिणे रोजचे आणि भारी आहे त्याने देवाचे नाव घेऊन एका रात्रीत बंद करायचे धाडस डॉक्टरांना न विचारता करू नये. अचानक थांबल्याने झटके येऊ शकतात, जीवावरही बेतते. उपचार घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत 'कृपा फाउंडेशन' सुरू केले, पुण्यात १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचट यांनी 'मुक्तांगण' उभारले. प्रार्थना, औषध आणि माणसांची सोबत एकत्र नांदू शकते हे तिथल्या हजारोंनी अनुभवले आहे.

त्या बाईंना मी काय सांगितले? मार्कच्या १५व्या अध्यायाकडे त्यांचे लक्ष वेधले. गोल्गोथावर खिळे ठोकण्याआधी प्रभूला गंधरस मिसळलेला द्राक्षारस देऊ केला होता. तो वेदना बधिर करण्यासाठी होता. येशूने तो घेतला नाही. ज्याने कानात रांजण भरून दिले त्याने त्या दुपारी गुंगीला नकार दिला. पूर्ण शुद्धीवर राहून त्याने आईला योहानाच्या हाती सोपवले, शेजारच्या चोराशी बोलला, मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली. असे शुद्धीत सांडलेले ते रक्त आहे. रात्र रात्र जागणारी बाई त्या रक्ताकडे जे मागते, ते तिच्या नवऱ्याला कधी बाटलीतून मिळाले नाही. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे तो जागा होता." मला वाटते, एवढे छोटे आणि एवढे नेमके प्रवचन मी अजून केलेले नाही.

आता थोडे आपल्याविषयी. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्याच वेळी एक उपाशी राही आणि दुसरा पिऊन तर्र होई. त्याबद्दल पौलाने त्यांची चांगलीच हजेरी घेतली (१ करिंथ. ११:२१). नुकत्याच लग्नसराईत आपल्याकडे काय दिसले? वेदीपुढे नवरानवरी वचने देत आहेत आणि नवऱ्याचे निम्मे मित्र आवारात गाडीच्या डिकीभोवती उभे आहेत. हॉलमध्ये जेवणाआधी काउंटर उघडतो आणि पंगत बसेपर्यंत म्हाताऱ्यांना व मुलांना घेऊन बायका कोपऱ्यात ताटकळतात. खर्चाचा आकडा मी विचारत नाही. ज्याने आठ महिन्यांपूर्वी सोडली आहे त्याच्या हातात "आजच्या दिवस घे रे, एकाने काय होतंय?" म्हणत ग्लास कोंबणारा मामा किंवा काका मात्र मला दरवेळी दिसतो. पुढच्या लग्नात तो दिसला तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. वयाचा मान ठेवूनही हे करता येते.

काही जणांनी मला खासगीत विचारले आहे म्हणून शेवटी एवढेच. दारू सोडलेल्या माणसाने ज्या प्रसंगी प्याल्यातूनही ख्रिस्तप्रसाद दिला जातो, तेव्हा काय करावे? निःशंकपणे फक्त ख्रिस्तशरीर घ्यावे. एकाच रूपात संपूर्ण ख्रिस्त मिळतो, हे त्रेन्तच्या धर्मसभेने १५६२ मध्येच स्पष्ट केले आहे. त्याचे काहीही कमी होत नाही आणि त्याने कोणाला कारण सांगण्याचीही गरज नाही. ज्या धर्मगुरूंना हा आजार आहे त्यांच्यासाठीसुद्धा बिशपांच्या परवानगीने न आंबवलेल्या ताज्या द्राक्षरसाची सोय चर्चने ठेवलेली आहे.

ज्यांना याविषयी बोलायचे असेल, स्वतःसाठी किंवा घरातल्या कोणासाठी, त्यांनी संध्याकाळच्या मिस्सेनंतर जरूर यावे. पापनिवेदनच करायला हवे असे नाही, नुसते बसायलाही या. सात ते नऊ ही वेळ अवघड असते हे मला ठाऊक आहे, म्हणून चर्चचे बाजूचे दार तोपर्यंत उघडे ठेवायला सांगितले आहे.

आपला,
धर्मगुरू